बारा सेकंदांचं रडणं

माझ्या अंगणवाडीत मूल रडत नाही, असं मी एके काळी येईल त्याला ठसक्यात सांगायचे. सत्तावीस वर्षं सेविका आहे मी, यमुना भोये. सुपरवायझर बदलल्या, रजिस्टरं जाऊन मोबाइल आले, पण आंबेखोऱ्याच्या पाड्यावर पोरांचा कालवा कुणी ऐकला नाही. त्या ठसक्यानं काय करून ठेवलं ते आज सांगते. मधे प्रश्न विचारू नका, नाहीतर माझ्यानं पुढं बोलवायचं नाही.

आमच्याकडची पोरं रडत नाहीत त्याला कारण आहे. बाई शेतात नागली लावायला जाते, लाकडं आणायला जाते, तेव्हा पोर पाठीशी फडक्यात बांधलेलं असतं. ते जरा वळवळलं, कुरकुरलं, की ती त्याला पुढं घेते आणि छातीशी लावते. मग छातीत दूध असो वा नसो. पोरानं रडायला तोंड उघडायच्या आत ते बंद झालेलं असतं. पोर खाली टाकून आपलं काम करत बसणारी बाई आमच्यात वाईट चालीची समजतात.

अशा पाड्यावर कान आला.

तो घेऊन आल्या डॉक्टर मृण्मयी आठल्ये. पुण्याच्या, पस्तिशीच्या आतबाहेर, उन्हानं नाक लाल झालेलं, पण तक्रार नाही. अंगणवाडीच्या अंगणात त्यांनी एक खांब पुरला. वर सौर पत्रा, खाली माझ्या डोक्याच्या उंचीवर काळी जाळी, आणि जाळीखाली हरभऱ्याएवढा दिवा. जगातल्या अडतीस देशांत असे खांब लागताहेत म्हणाल्या.

"जगात अन्न कमी नाही, यमुनाताई. गोदामं भरलेली आहेत. कुठल्या दारात आज भूक आहे हेच वेळेवर कळत नाही."

"मला विचारायचं होतं," मी म्हटलं. "मी सांगितलं असतं."

त्या हसल्या. "तुम्ही सांगता. तुमच्यावर सुपरवायझर सांगते, तिच्यावर आणखी कुणी. वर पोचेपर्यंत आकडा गोड झालेला असतो. आणि यादीत नाव नाही म्हणून मूल उपाशी, हे तर तुम्हीही पाहिलंय."

ते खरं होतं.

मग त्यांनी मला यंत्र समजावून सांगितलं, आणि ते मला समजलंही. मूल दचकून रडतं, पोटात दुखून रडतं, भुकेनं रडतं, ती रडणी वेगळी असतात. आयांना हे ठाऊकच आहे, पण आता यंत्राला कळतं. भुकेलं मूल जीभ टाळूला लावतं, चोखायला बघतं, त्यामुळं आवाजाला एक वळण पडतं. सूर खालून वर चढतो, श्वास तुटतो, पुन्हा चढतो. असे चार श्वास ऐकले की यंत्राची खात्री पटते. चार श्वासांना बारा सेकंद लागतात. त्याहून कमी असलं तर ते कुरकुर म्हणून सोडून देतं. शिवाय प्रत्येक मुलाचा घसा वेगळा, त्यामुळं अंगठ्याच्या ठशासारखा आवाजाचाही ठसा असतो. नवा आवाज ऐकला की माझ्या फोनवर विचारणा येणार, हे कोण? मी नाव घालायचं. की दुसऱ्या दिवशी सकाळी उडतं यंत्र त्या नावाचा डबा आणून टाकणार. शेंगदाण्याची पेस्ट, दुधाची भुकटी, आणि अंगावर पाजणाऱ्या आईचा वेगळा पुडा. सोमवारी रडलं तर गुरुवारपर्यंतचं, गुरुवारी रडलं तर सोमवारपर्यंतचं. यादी, सही, अंगठा यातलं काही लागणार नव्हतं.

"आणि जे रडणारच नाही?" मी विचारलं.

"त्याचं पोट भरलेलं असेल," त्या म्हणाल्या. "फार खंगलेलं मूल रडत नाही हे मला माहीत आहे, ताई. पण तिथवर पोचायच्या आधी ते कित्येक दिवस रडतं. कान तेव्हाच पकडेल."

पहिला आठवडा नुसता ऐकण्याचा होता. पाड्यावर किती रडणं असतं त्याचा अंदाज घेऊन शिधा ठरणार होता. आता मी काय केलं ते ऐका. सरकारी माणूस तपासायला येणार म्हटलं की आम्ही काय करतो? भिंती सारवतो, पोरांची नाकं पुसतो, वजनकाटा धुतो. मी घरोघर फिरले. "तपासणीचा आठवडा आहे बायांनो, पोरं गप ठेवा. पाड्याची लाज जाता कामा नये." बायांनी माझं ऐकलं. आठ दिवस पाड्यावर चिमण्यांचा आवाज तेवढा होता.

आंबेखोरं तृप्त ठरलं. आमचा जुना घरपोच शिधा त्याच महिन्यात बंद झाला आणि दंडाची पट्टीही बंद झाली. ती तुम्ही पाहिली असेल. पोराच्या दंडाला गुंडाळायची, हिरव्यावर आली तर ठीक, लाल आली तर पळापळ. ती परत करा, असा आदेश आला. मी एक पट्टी पोलक्यात ठेवून घेतली.

माघात ती पट्टी मी मितालीच्या दंडाला लावली.

मिताली जयवंतीची. जयवंती वांगड बावीस वर्षांची, नवरा भिवंडीकडं वीटभट्टीवर. पोर सात महिन्यांची. पट्टी लालच्याही आत गेली. दंड माझ्या अंगठ्याएवढा झालेला. मिताली माझ्याकडं बघत होती, म्हाताऱ्या माणसानं बघावं तशी. रडली नाही, हसली नाही, माशी ओठावर बसली तरी हलली नाही.

"दूध?" मी विचारलं.

"आटलं," जयवंती म्हणाली. "पण मी लावून ठेवते, बाई. ती शांत असते."

दवाखाना एकोणीस किलोमीटर, रुग्णवाहिका उद्या येते म्हणाली. मी डॉक्टर आठल्यांना फोन लावला, लागला नाही. खांबाकडं बघितलं. दिवा विझलेला. त्या जाळीपासून दहा पावलांवर पोर मरणाला टेकली होती आणि कानाच्या लेखी ती जेवून पहुडली होती.

"जयवंती, तिला खाली ठेव."

"का?"

"रडू दे. बारा सेकंद. ते ऐकेल, मग उद्या डबा येईल."

ती मागं सरकली. "खाली कुणाला ठेवतात, बाई? माणूस जायला लागला की खाली घेतात."

"मला शिकवू नको. ठेव."

तिनं ठेवलं, माझ्या शब्दाखातर ठेवलं. सारवलेल्या जमिनीवर, फडकं न घालता, कारण थंडी लागली तर रडेल असं मीच म्हटलं. मिताली पडून राहिली. मग तिचे हात हवेत आईला शोधायला लागले आणि ती रडली. इतक्याशा छातीत तो आवाज कुठं होता देव जाणे. फोनवर मी ते रेकॉर्ड केलं, डॉक्टरांना पाठवायला पुरावा म्हणून. जयवंती दोनदा वाकली, दोनदा मी तिचं मनगट धरलं. चौदा सेकंद. दिवा निळा झाला. फोनवर विचारणा आली, हे कोण? मी लिहिलं, मिताली नवसू वांगड.

डबा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उतरला. मिताली पहाटे गेली होती.

डब्यावर तिचं नाव होतं. मी तो उघडला आणि पाड्यावरच्या अकरा पोरांना वाटून टाकला. त्यांतल्या सात जणांचे दंड लाल होते. माझ्या मुलीचा मुलगा त्यात होता, तेही सांगून टाकते.

त्यानंतर एकही बाई पोर खाली ठेवायला तयार होईना. मी हात जोडले, शिव्या दिल्या. "बाईनं खाली ठेवायला लावलं ते पोर गेलं," एवढंच सगळ्यांच्या तोंडी. त्यांचं काय चुकलं? गुरुवार आला. दुपारचे चार वाजले, पाच वाजता कान दिवसाचा हिशेब मिटवतो. मी फोन काढला, जाळीशी धरला आणि मितालीचं रडणं लावलं.

दिवा निळा झाला. शुक्रवारी डबा आला.

मी सोमवारी पुन्हा लावलं. मितालीच्या मृत्यूची नोंद केली नाही. मेलेल्या पोराच्या नावचा घास मी जिवंत पोरांना भरवत होते. लाज वाटायची, पण पट्टी पिवळ्यावर यायला लागली तसं मी लाज वाटून घेणं सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात, रडणं चालू असताना मागं पावलं वाजली. जयवंती धावत आली होती, हातात विळा तसाच. पोलकं पुढून भिजलेलं. आईचा पुडा मी तिलाच देत होते, तो खाऊन अंगाला लागला होता, आणि पोर जिवंत असताना आटलेलं दूध आता रडणं ऐकून उतरलं होतं. मला वाटलं आता ही विळा उगारणार. उगारायलाच हवा होता.

ती म्हणाली, "पुन्हा लाव."

तेव्हापासून ती सोमवारी, गुरुवारी चार वाजता येऊन पायरीवर बसायची. रडणं संपलं की कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन पाजायची. पाड्यावरच्या बाया खांबाकडं बघायच्या नाहीत, पण चारच्या सुमारास आपली पोरं तिच्याजवळ आणून सोडायच्या. माझा नातू त्या दुधावर धरला.

आषाढात डॉक्टर आठल्ये आल्या. न कळवता. हातात वजनकाटा आणि रक्त घ्यायची पेटी.

"मितालीला बघायचंय," त्या म्हणाल्या.

"आजोळी गेलीय."

"सोमवारी दुपारी चार वाजता ती इथं रडली, यमुनाताई."

मी चुलीकडं वळले. त्या बाकावर बसल्या आणि खालच्या आवाजात सांगायला लागल्या, जणू मी त्यांची बरोबरीची डॉक्टर आहे. "मूल वाढतं तसा घसा लांबतो, स्वरतंतू वाढतात, आवाज जाड होतो. महिन्या महिन्याला फरक पडतो, कानाला तो कळतो. मितालीचा आवाज पाच महिने तसाच आहे. सात महिन्यांचा. जगात अशी मुलं किती सापडली सांगू? चार हजारांवर. या राज्यात चारशे एकोणीस. सगळी गरीब वस्त्यांतली. ठरलेल्या दिवशी रडणारी, न वाढणारी. आम्हाला वाटतंय नवा आजार आहे. आम्ही त्याला नावही दिलंय."

चारशे एकोणीस ठिकाणी माझ्यासारखीच कुणी बाई चार वाजता फोन घेऊन खांबाशी उभी राहते, हे मला तेव्हा कळलं. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो, कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून जयवंती म्हणाली, "बाई, चार वाजले."

लपवायला उरलं नव्हतं. गुरुवार होता, अकरा पोरं होती. मी डॉक्टरांच्या देखत फोन जाळीशी धरला. मिताली रडली. डॉक्टर पहिल्यांदा इकडंतिकडं बघत राहिल्या, पोर कुठंय म्हणून. मग त्यांनी फोन पाहिला, जयवंतीचं पोलकं पाहिलं आणि खाली बसल्या. दिवा निळा झाला.

त्या म्हणाल्या, "टेप ओळखायची सोय आम्ही ठेवलीच नव्हती. मुलाचं भुकेचं रडणं कोण साठवून ठेवील, असं वाटलं होतं."

"आता काय करणार?"

"कळवायला हवं. कळवलं की ही सगळी नावं सोमवारी बंद होतील. चौकशी बसेल."

"आणि पट्टी? पट्टी परत द्या ना. एवढीशी कागदाची पट्टी."

"वर्ष लागेल, ताई. कमीत कमी."

मी त्यांचं मनगट धरलं, जयवंतीचं धरलं होतं तसंच, आणि घरोघर फिरवलं. पोलक्यातली पट्टी काढून एकेका दंडाला लावली. हिरवा. हिरवा. पिवळा. हिरवा. "हे माघात लाल होते," मी म्हटलं. "वर्षभरानं यांतले किती उरतील ते तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेल्या आहात." परत येताना त्या रडत होत्या, आणि मला त्यांचा राग आला, कारण मी अजून एकदाही रडले नव्हते.

पायरीवर बसून त्यांनी दुसरी वाट सांगितली. न वाढणारी मुलं गाळायचं काम पुढच्या महिन्यात आपोआप होणार होतं, ते त्यांच्या हातात नव्हतं. पण आवाज वाढवता येतो. सात महिन्यांचा घसा वर्षाचा झाला तर कसा रडेल, हे यंत्र सांगू शकतं. त्यानं लाखो मुलं वाढताना ऐकली आहेत. दर महिन्याला त्या मला मितालीचा नवा आवाज पाठवतील. बाकीच्या चारशे अठरांचेही, त्यांच्या सेविकांना. पट्टीसाठी भांडणं चालू ठेवतील, तोवर.

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

"ती तीन वर्षांची होईपर्यंत डबा मिळतो."

मी म्हटलं, "हे मला विचारू नका. जिची आहे तिला विचारा."

जयवंतीच्या मांडीवर माझा नातू पीत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. यंत्राचं तिला किती कळलं माहीत नाही. पाच महिने तिनं पोरीचे दिवस घातले नव्हते, कारण मीच घालू दिले नव्हते. ती म्हणाली, "म्हणजे मोठी होणार ती?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं.

"आवाज मोठा होईल," डॉक्टर म्हणाल्या.

"मग होऊ द्या," जयवंती म्हणाली.

सोमवारी नवा आवाज आला. मी तो आधी ऐकला नाही, हिंमत झाली नाही. चार वाजता खांबाशी गेले. जयवंती त्या दिवशी पायरीवर बसली नाही, माझ्याजवळ येऊन उभी राहिली. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं. घरी पाहुणा येणार असावा तशी.

मी बटण दाबलं.

आवाज मितालीचाच होता. भरला होता, जरा खाली उतरला होता, पण ओळखीचा. अंगावर मांस असलेल्या पोरीचा आवाज. जेवून खाऊन वाढलेली मिताली कशी रडली असती ते मला ऐकू येत होतं. मी सेकंद मोजत होते. चार, पाच, सहा. जयवंती हसली. खरंच हसली, "बाई, किती जाड झाली गं," म्हणाली.

आठव्या सेकंदाला रडण्याच्या मधेच श्वास तुटला आणि आवाज म्हणाला, "आय."

डॉक्टरांनी ते घातलं नव्हतं. नंतर शपथेवर सांगितलं त्यांनी. वर्षाचं मूल रडताना मधेच हाक मारतं, यंत्रानं तसं हजारदा ऐकलं होतं, म्हणून त्यानं ती घातली.

"ओ," जयवंती म्हणाली. मग माझा दंड धरून म्हणाली, "बाई, उचल तिला. बाई, बोलावतेय ती."

"थांब," मी म्हटलं.

"रडतेय, बाई. उचल ना."

नऊ. तिनं माझ्या हातातला फोन ओढला, मी दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. माघात धरलं होतं तेच. पुन्हा "आय" आलं. मागं पायरीवर बाया येऊन उभ्या होत्या, काखेत पोरं. कुणी हूं की चूं केलं नाही, पोरांनीसुद्धा नाही. दहा. जयवंती मला शिव्या देत होती, त्या माझ्या हक्काच्या होत्या. अकरा.

बारा. दिवा निळा झाला.

मी मनगट सोडलं. आवाज अजून चालू होता. फोन मी तिच्या हातात दिला. ती खाली बसली, खांबाला पाठ टेकली, पदर सारखा केला आणि फोन पदराखाली घेतला.

हळूहळू रडणं थांबलं.